उद्यमनगर ते गेम डिझाइन: शिकवायला कुणी नव्हतं, खेळणारे होते

पंचगंगाकाठ

मागे इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, कोल्हापुरात राहून कॉम्प्युटर गेम बनवून पोट भरतं का? मी तिथं नुसतं "हो, भरतं" लिहून निघून गेलो. नंतर दोघातिघांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं, त्यात दोन पालक होते. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आमच्या वडिलांचं उद्यमनगरात दोन लेथचं वर्कशॉप. १९९७ च्या उन्हाळ्यात त्यांनी मला राजारामपुरीतल्या एका क्लासला घातलं, डॉस आणि वर्डस्टार, म्हणजे तेव्हाचं कॉम्प्युटर चालवायचं आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर शिकायला. तिथल्या मशीनवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' होता. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी तो खेळलाय. पण माझं आयुष्य फिरलं ते 'निबल्स'मुळं. डॉसबरोबर क्यूबेसिक ही प्रोग्राम लिहायची भाषा यायची आणि त्यात साप (हाच 'निबल्स') आणि गोरिला असे दोन खेळ नमुन्यादाखल दिलेले असायचे. सापाचा खेळ सुरू करायला त्याचा कोडच उघडावा लागे. म्हणजे खेळाच्या आधी खेळाची कुंडली समोर! इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण 'लाइव्ह्ज'समोर, म्हणजे किती वेळा मरता येईल त्यासमोर, ५ लिहिलंय एवढं कळलं. मी ५ चे ५० केले. दोन दिवस मजा आली आणि तिसऱ्या दिवशी खेळ मेला. कुणालाच तो खेळावासा वाटेना, मलाही नाही. मग २ करून बघितले, मुलं चिडली, पण उठेनात. गेम डिझाइन म्हणजे काय हे मला त्या आठवड्यात कळलं, फक्त त्याला हे नाव आहे हे कळायला पुढं दहा वर्षं लागली.

डिप्लोमा मेकॅनिकलचा केला. दिवसा लेथ, रात्री सायबर कॅफे, तासाला वीस रुपये. तिथं बसून फ्लॅश हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर आणि त्याची ॲक्शनस्क्रिप्ट ही भाषा शिकलो. पुस्तक नव्हतं, दुसऱ्याचं उघडून बघायचं आणि मोडून बघायचं. २००६ ला पुण्यात एका कंपनीत मोबाइल गेमचं काम मिळालं. जावा या प्रोग्रामिंग भाषेवर चालणारे ते खेळ, सुरुवातीच्या साध्या नोकिया फोनांवर अख्खा खेळ ६४ केबीत बसवावा लागे. आज व्हॉट्सॲपवर येणारा एक फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. काय ठेवायचं यापेक्षा काय टाकायचं हे मी तिथं शिकलो. ती कंपनी २००९ ला बंद पडली, माझा तीन महिन्यांचा पगार अडकला तो अडकलाच. बॅग भरून कोल्हापूरला परत आलो. वडील एकदाच म्हणाले, "मशीन मोकळं हाय, बस." त्यात टोमणा नव्हता, आणि मी बसलोही.

आणि इथंच ती गोष्ट घडली जी मला मुद्दाम सांगायची आहे. मी तेव्हा एक उड्या मारायचा खेळ बनवत होतो. माझा चुलतभाऊ तो खेळताना सारखा दरीत पडायचा आणि म्हणायचा, "मी दाबलंवतं की बटण!" मी म्हणायचो, नाही, तू उशिरा दाबलंस. मी कोड दाखवून सिद्धसुद्धा केलं. खरोखरच तो उशिरा दाबत होता, सेकंदाच्या विसाव्या भागानं. दुसऱ्या दिवशी वडील एका पोराला बोअर-शाफ्टचं, म्हणजे भोक आणि त्यात बसणाऱ्या दांड्याचं, फिटिंग समजावत होते. दोन्ही हुबेहूब एका मापाचे केलेस तर शाफ्ट आत जाणारच नाही, थोडी जागा सोडावी लागते, किती सोडायची ते काम बघून ठरतं. माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. माझा कोड बरोबर होता आणि फिटिंग चुकीचं होतं. कडा सुटल्यावरही पुढच्या सहा फ्रेमपर्यंत उडी मान्य करायची असं केलं. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र; सेकंदाला साठ फ्रेमच्या खेळात सहा फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. भाऊ खेळला, पडला नाही, आणि काही बदललंय हेसुद्धा त्याच्या लक्षात आलं नाही. जगभरचे डिझाइनर हेच करतात आणि त्याला 'कोयोटी टाइम' म्हणतात, हे मला नंतर इंटरनेटवर वाचून कळलं.

पुढची कथा प्रतिसादांत सांगतो, हात दुखायला लागले.

लोखंडी

भावा, नाद खुळा! शिरोलीत फौंड्रीत हाय मी. बोअर-शाफ्टचं वाचून अंगावर काटा आला. आमच्यात बी हेच, कास्टिंग थंड झालं की आकसतं म्हणून पॅटर्न मोठा करतात. पुढचं लवकर टाक.

बिट_बाइट

लेख आवडला, पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. 'स्वतः शिकलेला' या शब्दाचं मुलांना फार आकर्षण वाटतं आणि त्या नावाखाली ती कॉलेज सोडायला निघतात. 'स्टारड्यू व्हॅली' या गाजलेल्या खेळाचं उदाहरण सारखं दिलं जातं. तो एकट्या एरिक बॅरोननं केला हे खरं, पण त्याच्याकडे कॉम्प्युटर सायन्सची पदवी होती. साडेचार वर्षं तो त्यावर काम करत होता, थिएटरमध्ये लोकांना जागा दाखवायची अर्धवेळ नोकरी करत होता आणि घरी जोडीदाराच्या कमाईचा आधार होता. २०१६ ला खेळ आला तेव्हा सगळ्यांना यश दिसलं, ही साडेचार वर्षं कुणाला दिसली नाहीत.

पंचगंगाकाठ

@बिट_बाइट, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. उलट त्यात भर घालतो. बॅरोननं चित्रं आणि संगीत स्वतः शिकून केलं, आणि तीच चित्रं वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा काढली. म्हणजे पदवी असूनही अर्धा धंदा त्याला स्वतःच शिकावा लागला. 'सिमसिटी' हा शहर वसवायचा खेळ करणाऱ्या विल राइटचंही तसंच. तीन कॉलेजं फिरला, पदवी एकाचीही घेतली नाही. १९८४ चा त्याचा पहिला खेळ हेलिकॉप्टरनं बेटांवर बॉम्ब टाकण्याचा होता. ती बेटं बनवायला त्यानं स्वतःसाठी एक साधन केलं होतं, आणि बॉम्ब टाकण्यापेक्षा रस्ते-इमारती मांडण्यात आपल्याला जास्त मजा येतेय हे त्याच्या लक्षात आलं. त्यातून 'सिमसिटी' झाला. त्यात जिंकणं-हरणं नाही म्हणून प्रकाशकांना पटेना, खेळ बाजारात यायला १९८९ उजाडलं.

मला यात कॉलेज सोडण्यापेक्षा वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्याला कशात मजा येतेय याकडे त्या माणसाचं लक्ष होतं. ही नजर शिकवणारा वर्ग मला तरी कुठं भेटला नाही.

अण्णा_गंगावेश

माझं वय ७१. कॉम्प्युटरमधलं कळत नाही, पण खेळातलं कळतं. लहानपणी देवळाच्या फरशीवर कोरलेल्या पटावर आम्ही वाघ-बकरी खेळायचो. तो पट कुणी आखला ठाऊक नाही, पण ज्यानं आखला त्यानं वाघाला ताकद आणि बकऱ्यांना संख्या देऊन तोल साधला. तुम्ही म्हणता ते डिझाइन हेच असावं.

मात्र एक सांगतो. तालमीत वस्तादाशिवाय पैलवान घडत नाही. आरशासमोर जोर मारून अंग होतं, कुस्ती येत नाही. तुम्हाला वस्ताद नव्हता हे मला पटत नाही.

पंचगंगाकाठ

अण्णा, नमस्कार. तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. 'स्वतः शिकलो' असं मी म्हणतो खरा, पण मला शिकवलं ते खेळणाऱ्यांनी. अट एकच, आपण मागं बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. हे फार अवघड असतं. आपण बनवलेल्या दारासमोर माणूस पाच मिनिटं चकरा मारतोय आणि आपण "ते बघा दार" म्हणायचं नाही! पण सांगितलं की संपलं, कारण खेळ विकत घेणाऱ्याच्या घरी आपण सांगायला जाणार नसतो.

तुमच्या तालमीवरून कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान आठवलं. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानाला उतार असा आहे की शेवटच्या माणसालाही आखाडा दिसतो, पुढच्याचं डोकं मध्ये येत नाही. मी लेव्हल (खेळातला एकेक टप्पा) मांडताना नेहमी ते मैदान डोळ्यांसमोर आणतो. खेळणाऱ्याची नजर कुठं जाईल, मध्ये काय येईल, उजेड कुठं पडेल. रस्ता दाखवायला बाण लावावा लागला तर मांडणी चुकली असं मी धरतो.

चांदणवेल

नमस्कार दादा, मी जयसिंगपूरची. व्यनि केलेल्या पालकांपैकी एक मीच. मुलगा अकरावी सायन्सला आहे. रात्री दोन-दोनपर्यंत जागतो, म्हणतो गेम बनवतोय. खेळतोय की बनवतोय हेच आम्हाला कळत नाही. त्याच्या बाबांना वाटतं हे सगळं पैसे लावायच्या ॲपसारखंच काहीतरी. आमच्या नात्यातल्या एका मुलानं त्यात खूप पैसे घालवले, त्यामुळे घरात 'गेम' शब्द काढला की वाद होतो. काय करावं?

पंचगंगाकाठ

ताई, आधी बाबांची भीती. ती खोटी नाही, पण त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ केंद्र सरकारनं २०२५ च्या कायद्यानं बंद केले. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स (कॉम्प्युटर खेळांच्या स्पर्धा) आणि साधे सामाजिक खेळ वेगळे काढून त्यांना प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय. तुमचा मुलगा बनवतोय ते दुसऱ्या प्रकारचं, एखादं चित्र किंवा नाटक करावं तसं.

आता तो बनवतोय की नुसता खेळतोय हे कळायला सोपी परीक्षा आहे. त्याला म्हणा, पंधरा दिवसांत एक छोटा खेळ पुरा कर. एकाच पडद्याचा, पाच मिनिटांत संपणारा. सुरुवात, शेवट, आवाज, सगळं असलेला. मोठं स्वप्न अर्धवट ठेवणारे शेकडो भेटतात. मीही पहिली सहा वर्षं एकही खेळ पुरा केला नव्हता, आणि त्या सहा वर्षांत शिकलेलं खूप कमी आहे. रोज रात्री दोनपर्यंत जागण्याची गरज नाही, त्यानं काम बिघडतं. बारावी सोडायची तर अजिबात नाही. उडीचं गणित म्हणजे अकरावीच्या फिजिक्समधली प्रक्षेप्य गती आहे, ते त्याला सांगा, अभ्यासात रस येईल.

साधनांना पैसे लागत नाहीत. गोडो नावाचं इंजिन, म्हणजे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर, पूर्ण मोफत आणि मुक्त आहे. अर्जेंटिनातल्या दोघांनी ते बनवलं आणि २०१४ ला सगळ्यांसाठी खुलं केलं. मी तेच वापरतो. घरात आहे त्या साध्या लॅपटॉपवर ते चालेल.

सह्यगिरी

पुण्यात मी खेळांसाठी चित्रं काढते. पंचगंगाकाठ यांनी पैशांचं लिहावं अशी विनंती, कारण तिथेच सगळे अडकतात. पुण्याच्याच चमूनं केलेल्या 'राजी'साठी २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम केली होती, ती पुरी झाली नाही. तरी त्यांनी नेट धरला आणि २०२० मध्ये खेळ जगभर आला. त्या वेळी आम्हा सगळ्यांना केवढा धीर आला होता! आपल्याकडचं शिल्प, आपल्याकडची देवी, आणि खेळणारे जपान-अमेरिकेत.

पंचगंगाकाठ

पैशांचं सांगतो, पण त्यासाठी माझ्या खेळाचं सांगावं लागेल. नाव देत नाही, हा धागा जाहिरातीचा नाही.

२०१६ ला मी एक गुऱ्हाळाचा खेळ करायला घेतला. मामांचं गुऱ्हाळ होतं, लहानपणी हंगामात तिथंच मुक्काम असायचा. घाण्यातून रस काढायचा, काहिलीत उकळायचा, भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आली की काढायची, चुलवाणात चिपाड किती सारायचं ते बघायचं, आणि नेमक्या क्षणी काहील उतरवायची. लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. तो क्षण ओळखणारा गुळव्या हाच सगळ्या गुऱ्हाळाचा जीव.

पहिल्या आवृत्तीत मी पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा काटा ठेवला होता. दिसायला छान, समजायला सोपा. सहा जणांना खेळायला बसवलं आणि मागं बसलो. सहाच्या सहा जणांनी काहिलीकडे बघितलंच नाही! मी चार महिने खपून उकळीचे बुडबुडे केले होते, सगळे काट्याकडे बघत बटण दाबत होते. त्या रात्री झोप लागली नाही. मग मामांना फोन केला, की गुळव्या नेमकं बघतो काय? मामा म्हणाले, बघतो कमी, ऐकतो जास्त. उकळीचा आवाज जड होत जातो. आणि शेवटी थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का बघतो.

मी काटा काढून टाकला. त्या जागी आवाज घातला, आणि पाण्याच्या वाटीत थेंब टाकायची सोय. पण थेंब बघण्यात वेळ जातो आणि इकडे काहील तापत राहते. खेळ अवघड झाला, आणि पहिल्यांदाच खेळणारी माणसं पडद्याकडे वाकून बसायला लागली. एका मुलीनं तर डोळे मिटून नुसतं ऐकलं आणि बरोबर वेळी काहील उतरवली. माझ्या सगळ्या कामातला सर्वांत आनंदाचा दिवस तो.

ऑगस्ट २०१९ ला महापूर आला. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, शहराचा संपर्क तुटला, ते तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. आमच्या घरात तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. कॉम्प्युटर वर नेला होता, पण जुन्या कामाच्या दोन्ही हार्ड डिस्क खालच्या कपाटात राहिल्या. आवाजाची सगळी मूळ रेकॉर्डिंगं त्यात होती. गाव आणि घर सावरल्यावर त्या हंगामात पुन्हा गुऱ्हाळावर जाऊन चार रात्री रेकॉर्डिंग केलं. ताई, मुलाला पहिल्याच दिवशी कामाची एक प्रत घराबाहेर ठेवायची सवय लावा.

आता हिशेब. २०२१ ला खेळ स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, आणला. तिथं एका खेळाला १०० डॉलर भरावे लागतात, विक्री १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून किमान तीस दिवस थांबावं लागतं, आणि 'लवकरच येत आहे' असं पान निदान दोन आठवडे आधी लावावं लागतं. प्रत्यक्षात ते काही महिने आधी लावा, मी ते उशिरा लावलं आणि त्याचा फटका बसला. विक्रीतले साधारण तीस टक्के स्टीम ठेवतं. करासाठी डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात पॅन द्यायचा. तो नीट भरला नाही तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कर कापला जातो, नीट भरला तर भारताशी असलेल्या करारामुळं १५ टक्के. आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ गिऱ्हाईक चौदा दिवसांत परत करू शकतं. म्हणजे पहिला अर्धा तास रटाळ असेल तर पैसे परत गेलेच समजा.

माझा खेळ गाजला नाही, पण बुडालाही नाही. पाच वर्षांच्या कष्टांचा पगार काढला तर वर्कशॉपमधल्या हेल्परपेक्षा कमी पडेल. पण त्या खेळामुळं बाहेरच्या चमूंकडून लेव्हल मांडायची कामं यायला लागली, आणि आज घर चालतं ते त्या कामांवर. वर्कशॉप धाकटा भाऊ बघतो. माझा दुसरा खेळ चालू आहे.

लोखंडी

डोळे मिटून ऐकणाऱ्या पोरीचं वाचलं आणि आमचे फर्नेसवाले काका आठवले. ते बी रसाचा रंग बघून सांगत्यात, मशीनचा आकडा नंतर. भावा, फौंड्रीवर कर की एक खेळ! आवाज रेकॉर्ड करायला ये, चहा माझ्याकडं.

पंचगंगाकाठ

@लोखंडी, येतो. थट्टा समजू नकोस, खरंच येतो.

बिट_बाइट

माझी शंका मागे घेत नाही, पण पगाराचा हिशेब इतक्या मोकळेपणानं मांडल्याबद्दल आभार. हा धागा मी कंपनीतल्या दोन मुलांना पाठवला.

चांदणवेल

दादा, तीन आठवड्यांनी लिहितेय. मुलानं खेळ पुरा केला, सतरा दिवस लागले. एक माकड उसाच्या शेतातून रस्ता काढतं असा. रविवारी त्याच्या बाबांना, आजीला, शेजारच्या दोन मुलांना खेळायला बसवलं. तुम्ही सांगितलं तसं तो मागं बसला. वही घेतली होती. आजी पहिल्याच वळणावर अडकली, बाबाही तिथंच अडकले. त्याच्या तोंडावर आलेलं मी बघत होते, पण बोलला नाही. शेवटी त्याचे बाबाच मागं वळून म्हणाले, "अरे, वाट आणि ऊस दोन्ही हिरवंच केलंयस, दिसणार कसं?"

काल रात्री दोघं मिळून वाटेचा रंग ठरवत बसले होते. साडेदहाला मी लाइट बंद करायला गेले तर म्हणाले, पाच मिनिटं थांब.

पंचगंगाकाठ

ताई, वाट तांबूस मातीच्या रंगाची करायला सांगा. आणि आजींना पुन्हा बसवू नका, त्यांना आता ते वळण माहीत झालंय. नवीन माणूस शोधा. पुढच्या रविवारी मी सांगलीला येणार आहे, वाटेत उतरतो. मला अजून काही सांगू नका त्या खेळाबद्दल.